बोट एकच जाईल

सकाळी साडेनऊच्या सुमाराला मुरब्याच्या बंदरावर, मच्छीमार सोसायटीच्या ऑफिसातल्या वायरलेसवर पुंडलिक तामोरेचा आवाज आला. मधेमधे तुटत होता, पण शब्द कळत होते.

"तीन बोटींनी घेरलाय आमाला. दोर बांधून धरलाय. जाळं कापणारा माणूस हवाय त्यांना. कोणी घाईनं..."

पुढे नुसती खरखर.

अर्ध्या तासात सारं गाव बंदरावर जमलं. जाळं कोणी कापलं, हे कोणी कोणाला विचारलं नाही. का कापलं, हे लहान पोरालाही ठाऊक होतं. दक्षिणेकडच्या गावांचे लोक समुद्राच्या तळात खुंट ठोकतात आणि त्यांना पिशवीसारखी डोल जाळी बांधतात. मुरब्याचे लोक पापलेटसाठी लांबलचक जाळी पाण्यात सोडतात. ती प्रवाहाबरोबर वाहत जातात आणि त्या खुंटांत अडकली की फाटून चिंध्या होतात. खुंट दरवर्षी थोडे थोडे उत्तरेला सरकतात, असं मुरब्याचं म्हणणं. समुद्र कोणाच्या बापाचा नाही, असं त्यांचं. अर्ज झाले, बैठका झाल्या, निकाल लागला नाही. त्या आश्विनात एका आठवड्यात मुरब्याच्या चार बोटींची जाळी फाटली, आणि त्या दिवशी पहाटे कोणीतरी जाऊन दक्षिणेच्या एका बोटीच्या जाळ्याचे दोर कापले होते.

रामनाथ तामोरे बंदरावर पोचला तेव्हा त्याची पँट गुडघ्यापर्यंत ओली होती. घरची पाण्याची टाकी धुता धुता तो तसाच निघाला होता. पुंडलिक त्याचा धाकटा भाऊ.

"रामनाथकाका आले, वाट द्या," कोणीतरी म्हणालं, आणि गर्दी दुभंगली.

रामनाथ बासष्ट वर्षांचा होता. चार वर्षांपूर्वी मेजर जनरल म्हणून तो सेनेतून निवृत्त झाला. बाप हरेश्वर तांडेल होता, स्वतःची बोट समुद्रात नेणारा. आई येसूबाई बांबूच्या मांडवांवर बोंबील वाळत घालायची. गावातल्या एका गुरुजींनी फॉर्म भरला, परीक्षेला स्वतः सोबत नेलं, आणि तोवर डोंगर जवळून न पाहिलेला दहा वर्षांचा पोरगा साताऱ्याच्या सैनिक शाळेत जाऊन पडला. येसूबाईनं सोबत डबाभर सुकट दिली होती. डबा उघडला त्या रात्री वासामुळे खोलीतल्या सगळ्या पोरांनी त्याची खाट बाहेर काढली. तिथून सदतीस वर्षांच्या नोकरीपर्यंतचा रस्ता मोठा होता. पण निवृत्त झाल्यावर बरोबरीच्यांनी पुण्याला बंगले बांधले, तेव्हा हा बायको नलूला घेऊन मुरब्याला आला. भावाच्या घराला लागून दोन खोल्या वाढवल्या आणि राहिला.

गावानं त्याला डोक्यावर घेतलं होतं. नाक्यावर त्याच्या फोटोचा बॅनर होता. पण एका गोष्टीवरून घरात गाठ बसली होती. पुंडलिकचा मुलगा निमेश दोनदा भरतीला गेला आणि दोनदा बाद झाला. तिसऱ्या वेळी पुंडलिक म्हणाला, "दादा, एक फोन करा." रामनाथनं केला नाही. "माझ्या फोनवर तो आत गेला, तर रांगेतला दुसरा कोणाचा तरी पोरगा बाहेर पडेल," एवढंच म्हणाला. पुंडलिकनं तो विषय पुन्हा काढला नाही. निमेशनं पुढे कधी काकाच्या नजरेला नजर दिली नाही.

आता बंदरावर तीस बोटींची इंजिनं सुरू होती. बांबू चढवले जात होते, लोखंडी गळ चढवले जात होते. एका बोटीत डिझेल भरलेल्या बाटल्या रामनाथला दिसल्या. निमेशचा मित्र दर्पण पुढे आला.

"काका, सगळे तयार हाईत. तुमी फकस्त पुढे व्हा. आमी तुमच्या मागं."

"पुंडलिकच्या बोटीवर कोण कोण आहे?" रामनाथनं विचारलं.

"पुंडलिककाका हाय."

"आणि?"

"चार खलाशी."

"त्यांची नावं?"

दर्पणनं मागे पाहिलं. मागच्यानं त्याच्या मागे पाहिलं. गर्दीच्या कडेला उभी असलेली एक बाई म्हणाली, "माझा सुका हाय त्यात. सुका वरठा."

ती ठकी. डोंगरपट्टीतलं वारली कुटुंब. भात रोवून झालं की नवरा खलाशी म्हणून मुरब्याला यायचा आणि ती बोयसरच्या कारखान्यात पॅकिंगला जायची. त्या दिवशी तिची पाळी दुपारची होती. मग बाकीची तीन नावंही निघाली. रामनाथनं कोणाचा तरी पेन घेतला आणि पाचही नावं तळहातावर लिहिली.

"तीस बोटी त्यांना तासभर आधी दिसतील," तो म्हणाला. "तेवढ्या वेळात ही पाच माणसं त्यांच्याच हातात आहेत. पहिला फटका कोणाला बसेल?"

बांबू चढवणारे हात थांबले.

"मला पुढे करायचं असेल तर हुकूम माझा चालेल. बोट एकच जाईल. बांबू, गळ, बाटल्या सगळं इथे उतरवायचं. ज्याला पटत नसेल त्यानं दुसरा माणूस बघावा. मी घरी जातो."

"जनरल घाबरला," मागून कोणीतरी म्हणालं.

"हो," रामनाथ म्हणाला. "पाच माणसांसाठी घाबरलोय."

त्यानं सर्वांसमोर सागरी पोलिसांना फोन लावला. गस्तीची बोट उत्तरेला लांब होती, यायला दुपार होणार होती. गर्दीत कुजबुज वाढली. पोलीस आले म्हणजे कापलेल्या जाळ्याची चौकशी आलीच. मग वायरलेसवर त्यानं दक्षिणेच्या बोटींना हाक दिली. त्यांचा तांडेल हसुराम नावाचा माणूस होता. "मी पुंडलिकचा भाऊ बोलतो. एका बोटीनं येतोय. हातात काही नाही. तोवर माझ्या माणसांना सांभाळा."

"एकच बोट," तिकडून आवाज आला. "दुसरी दिसली तर बघा."

रामनाथनं गर्दीवरून नजर फिरवली आणि म्हणाला, "निमेश, तुझी बोट काढ."

पुंडलिकची दुसरी, लहान बोट निमेश चालवायचा. सत्तावीस वर्षांचा तो पोरगा सकाळपासून एका शब्दानं बोलला नव्हता. त्याच्या उजव्या हाताला फडकं गुंडाळलेलं होतं. रामनाथनं ते आल्या आल्या पाहिलं होतं.

बोटीवर रामनाथ, निमेश आणि दोन खलाशी, एवढेच होते. खाडीचं तोंड मागे पडलं. उत्तरेला तारापूरच्या अणुभट्टीचे घुमट धुरकट होत होत पुसले गेले. तासभर नुसतं इंजिन वाजत राहिलं. मग रामनाथ सुकाणूपाशी जाऊन बसला.

"हाताला काय झालं?"

"सुरी सटकली."

"काय कापताना?"

निमेशनं समोरच्या पाण्यावरची नजर हलवली नाही. तसाच म्हणाला, "आमचं जाळं तिसऱ्यांदा फाटलं काका. बाबा रडले. मी कधी बघितलं नव्हतं त्यांना रडताना. मग पहाटे एकटाच गेलो. दिवा लावला नाय."

"पुंडलिकला माहीत आहे?"

"कोणालाच नाय. बाबा त्या बाजूला जाळं घालायला जातील, हे मलाच ठाऊक नव्हतं." मग एकदम काकाकडे वळून म्हणाला, "तुमी ओळखून घेतलंत मला बोटीवर. त्यांच्या ताब्यात द्यायला."

"नाही. तुझा न्याय मी करणार नाही, तेही करणार नाहीत. त्याला जागा वेगळी आहे."

मग नलूशिवाय कोणाला न सांगितलेली गोष्ट त्यानं या पोराला सांगितली. तो कर्नल असताना बर्फातल्या एका चौकीवरून तुकडी खाली आणायची होती. तिथला तरुण कॅप्टन रेडिओवर म्हणाला होता, सर, एक दिवस थांबू, बर्फ सैल आहे. रामनाथनं निघायचा हुकूम दिला. कडा कोसळला. तीन जवान गेले. चौकशीत कॅप्टनच्या त्या बोलण्याची कुठेच नोंद नव्हती. सारा दोष जागेवरच्या अधिकाऱ्यावर, म्हणजे त्या कॅप्टनवर येत होता.

"मग?"

"मी लिहून दिलं, त्यानं थांबायला सांगितलं होतं, हुकूम माझा होता. बढती दोन वर्षं अडली. त्याचं काही वाटलं नाही. पण तिघांच्या घरी स्वतः गेलो. एका आईनं दार उघडलं आणि मी कोण ते ऐकून लावून घेतलं. मी दारात उभा राहिलो, तासभर."

"तिनं उघडलं?"

"नाही."

एवढ्यात मागे बसलेला खलाशी उठून उभा राहिला आणि किनाऱ्याकडे बोट दाखवून म्हणाला, "काका, बोटी."

सात बोटी होत्या. पुढची दर्पणची, तिचं इंजिन नवं होतं. वायरलेसवर त्याचा आवाज आला, "काका, आमी आलोच. तुमाला एकट्याला कसं सोडणार?"

"दर्पण, फिर मागे. हा हुकूम आहे."

उत्तर आलं नाही. आलं ते पुढून, हसुरामचं. "एक म्हणाला होतास ना? आठ दिसतात आमाला. आता आमी तुझ्या भावाची बोट ओढून दक्षिणेला नेतो. आडवं याल तर आमचा विलाज नाय."

रामनाथनं पुन्हा दर्पणला हाक दिली, मग आणखी एकदा. सात बोटी येतच राहिल्या. सदतीस वर्षं ज्या आवाजावर माणसं उठली-बसली, तो आवाज इथे पोचत नव्हता. त्यानं माइक निमेशसमोर धरला.

"माझं ते ऐकणार नाहीत. तुझं ऐकतील. मी बळजबरी करणार नाही."

ते उघडं चॅनेल होतं. तिथे बोललेलं पुढच्या तीन बोटी ऐकणार होत्या, मागच्या सात ऐकणार होत्या, आणि सोसायटीच्या ऑफिसात वायरलेसच्या भोंग्याभोवती उभं असलेलं सारं मुरबेही. हे निमेशला कळत होतं. त्याच्या कपाळावरून घामाची धार नाकापर्यंत आली. पुढच्या तीन बोटी आता स्पष्ट दिसत होत्या. मधे दोरांनी आवळलेली बापाची बोट दिसत होती, आणि एका बोटीच्या मागून इंजिनाचा धूर निघायला लागला होता.

त्यानं माइक घेतला.

"दर्पण, निमेश बोलतोय. मागं फिर. जाळं मी कापलं. माझ्या एकट्याचं काम हाय ते. माझ्यापायी माझ्या बापाचा जीव नको घालवू."

मग दर्पण हळू म्हणाला, "हे कशाला बोललास रे?"

सातांपैकी पाच बोटी एकेक करून वळल्या. दोन जागच्या जागी डुलत राहिल्या, पण पुढे आल्या नाहीत.

हसुरामच्या बोटीवर चढताना रामनाथचा पाय चुकला आणि गुडघा फळीवर आदळला. कोणी हात दिला नाही. सात-आठ माणसं हातात बांबू घेऊन उभी होती. हसुराम साठीचा, वाळक्या अंगाचा माणूस. त्यानं आधी रामनाथचे रिकामे हात पाहिले, मग तळहातावरची नावं पाहिली.

"बोलला तो कोन?"

"माझा पुतण्या. त्या बोटीवर आहे. लपवत नाही."

"मग पाठव इकडं."

"आधी तुमचं काय नुकसान झालं ते दाखवा."

हसुराम मागच्या बाजूला गेला आणि ताडपत्री उचलली. खाली एक माणूस पडला होता. अर्ध्या तोंडाला टॉवेल बांधलेला, टॉवेल रक्तानं काळा झालेला. श्वास चालू होता.

"जिव्या. माझ्या बहिणीचा पोर. आमी जाळं ओढत होतो तवाच तुमच्या माणसानं दुसऱ्या टोकाला कापलं. ताणलेला दोर फिरून डोळ्यावर बसला."

रामनाथ खाली बसला. टॉवेल त्यानं उचलला नाही, नाडी पाहिली. निमेशला हे ठाऊक नव्हतं, हे त्याला नक्की माहीत होतं, आणि त्यामुळे काही फरक पडत नव्हता.

"पहाटेपासून इथे का ठेवलात? किनाऱ्याला का नेलं नाही?"

"आमचं बंदर सहा तास. तुमचं दीड. तुमच्या बंदरात आमी शिरलो असतो तर काय झालं असतं, तूच सांग."

बंदरावरचे बांबू आणि बाटल्या रामनाथनं सकाळीच पाहिल्या होत्या.

"माझी बोट याला नेईल," तो उठून म्हणाला. "तुमचा एक माणूस सोबत जाईल. पुंडलिकची बोट आत्ता सोडा. जिव्या दवाखान्याच्या गाडीत चढला, हे तुमचा माणूस स्वतःच्या तोंडानं सांगेपर्यंत मी इथे बसतो."

"आणि तुमच्या गावानं त्याला हात लावला तर?"

"तर मी आहेच तुमच्याकडे."

पलीकडच्या बोटीवरून पुंडलिक ओरडला, "दादा, असं नका करू." रामनाथनं तिकडे पाहिलं नाही. हसुरामनं एकदा जिव्याकडे पाहिलं. मग त्यानं दोर सोडायला सांगितले.

जिव्याला चार जणांनी उचलून निमेशच्या बोटीत ठेवलं. टॉवेल निमेशनं पाहिला. तो खाली बसला आणि जिव्याचं डोकं त्यानं मांडीवर घेतलं. सुकाणू खलाशानं धरलं. पुंडलिकची बोट शेजारून गेली तेव्हा बाप कठड्याशीच उभा होता. त्यानं मुलाकडे पाहिलं, मग जिव्याकडे पाहिलं. पुंडलिकच्या बोटीवरच्या वायरलेसवर त्यानंही सगळं ऐकलं होतं.

रामनाथ हसुरामच्या बोटीवर फळीवर बसून राहिला. बांबूवाला एक पोरगा शेवटपर्यंत त्याच्यापासून दोन हातांवर उभा होता. कोणीतरी कोरा चहा दिला. गुडघा सुजत होता. अडीच वाजेपर्यंत निरोप यायला हवा होता. अडीच वाजले, तीन वाजले. वायरलेस मुकाच. पोरगा बांबू या हातातून त्या हातात घेत होता.

"तुझ्या गावाचा भरोसा हाय तुला?" हसुरामनं विचारलं.

रामनाथ खरं ते बोलला. "सगळ्यांचा नाही."

साडेतीनला आवाज आला. हसुरामचाच माणूस. "पोचलो. गाडीत घातला जिव्याला. पालघरला नेतात. कोणी हात नाय लावला."

उशीर का झाला, ते रामनाथला नंतर कळलं. बोट धक्क्याला लागली तेव्हा जमाव हटायला तयार नव्हता. दर्पणची माणसं, आरोळ्या, कोणीतरी फेकलेली एक वीट. मग नलू पुढे झाली, तिच्यामागे मासळीवाल्या बाया. त्यांनी दोन्ही बाजूंनी हात धरून वाट केली. ठकीचा नवरा पुंडलिकच्या मागे राहिलेल्या बोटीवर अजून समुद्रातच होता, पण तिनं पदर पसरून जिव्याच्या तोंडावर धक्क्यापासून गाडीपर्यंत सावली धरली. कामाची पाळी तिची बुडाली.

पोलिसांची बोट आली, जबाब झाले. जिव्याचा डोळा वाचला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी निमेश स्वतः पोलीस ठाण्यात गेला. रामनाथ बाहेरच्या बाकावर बसून राहिला.

गावाला हे पटलं नाही. पंधरवड्यात नाक्यावरचा बॅनर उतरला. सोसायटीनं समितीतून त्याचं नाव काढलं. दर्पण उघड म्हणायचा, घरचा पोरगा विकला यानं. दोन घरांमधल्या दाराला पुंडलिकच्या बायकोनं आतून कडी घातली आणि पुंडलिकनं भावाशी बोलणं टाकलं. रामनाथनं कोणाला खुलासा दिला नाही. पण एक गोष्ट त्याला आत टोचत राहिली. बोलायचा हुकूम मी निमेशला दिला नव्हता, असं तो नलूला म्हणायचा. नलू एकदा म्हणाली, "माइक तोंडासमोर धरलात ना?" त्यानंतर त्यानं ते म्हणणं सोडलं.

केस पालघरच्या कोर्टात उभी राहिली. निमेश जामिनावर सुटला. महिन्यातून एकदा तो एसटीनं जिव्याच्या गावी जाऊ लागला. पहिल्या दोन वेळा घराबाहेरूनच परतला. तिसऱ्या खेपेला जिव्या बाहेर आला आणि म्हणाला, आलाच हायस तर जाळं विणाय बस, मला एका डोळ्यानं गाठ दिसत नाय. तेव्हापासून निमेश तिथे दोन-दोन दिवस राहतो. हसुरामनं पुढच्या हंगामात दोन ओळी खुंट दक्षिणेला मागे घेतले. का, ते कोणाला सांगितलं नाही. हद्दीचा वाद तसाच आहे.

जिव्याच्या साक्षीच्या तारखेच्या आदल्या दिवशी पुंडलिक अंगणात आला. सात महिन्यांनी. रामनाथ सायकलला तेल घालत होता.

"उद्या किती वाजता निघताय?" पुंडलिकनं विचारलं.

"साडेआठ."

"रिक्षा सांगितलीय मी. तिघं जाऊ."

सकाळी तिघं गेले. कोर्टाच्या व्हरांड्यात जिव्या आणि हसुराम आधीच येऊन बसले होते. बाकावर जागा कमी होती, सरकून झाली. निमेशनं विचारलं, "काका, साहेबांनी विचारलं तर काय सांगू?"

"वकील सांगेल ते ऐक. पण घडलं तेवढंच सांग. कमी नाही, जास्त नाही."

दुपारी दोनला कळलं की आज काम होणार नाही. पुढची तारीख महिन्यानंतरची मिळाली. पुंडलिकनं ती विचारून लिहून घेतली आणि हसुरामला वाचून दाखवली, कारण हसुराम चष्मा घरी विसरला होता.